चन्नाप्पांच्या वाट्याचे तारे

कोल्हापूर,
शुक्रवार, दि. ११ एप्रिल २०२५

चिरंजीव अदिती हीस नरहरमामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता येथे ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द तोलून वापरला आहे. तुझ्या मामीचा डावा गुडघा जिना चढताना तक्रार करतो, उतरताना करत नाही. माझा रक्तदाब दोन्ही वेळा करतो. पुण्यात तुझी मान कशी आहे? दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्यांची मान धरते आणि मग ते वर पाहण्याचे टाळतात, ही गोष्ट निदान खगोलशास्त्रज्ञाच्या बाबतीत तरी बरी नव्हे. तुझ्या आईने पाठवलेली कोकमे पोहोचली असे तिला कळव. (निम्मी उत्तम होती. उरलेल्या निम्म्यांविषयी काही कळवू नकोस.)

हे पत्र मोबाइलवर न लिहिता पोस्टाने का पाठवतो, असे तुला वाटेल. कारण ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की पोस्टाच्या पत्राला निळ्या खुणा नसतात.

तुला एक शास्त्रीय शंका विचारायची आहे. आयुष्य संपताना फुटणारे आणि काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेच्या बरोबरीने झळाळणारे तारे, ज्यांना तुम्ही अतिनवतारे म्हणता, ते एखाद्या दीर्घिकेत किती वेळा दिसावेत हे त्या दीर्घिकेच्या कोणकोणत्या गुणधर्मांवर अवलंबून असते? तुझा प्रबंध याच विषयावर आहे. आकार, रंग, वस्तुमान आणि वय हे चार गुणधर्म मला ठाऊक आहेत. पाचवा एखादा आहे काय, हा माझा प्रश्न आहे. प्रश्नामागची हकिकत लांब आहे. ती सांगताना स्वतःच्या बाजूने पक्षपात करायचा नाही असे मी ठरवले आहे. कोठे झालेला दिसला तर समासात खूण कर.

येत्या वीस तारखेला, रविवारी, आपल्या करवीर आकाशनिरीक्षक मंडळातर्फे श्री. चन्नाप्पा हत्तरकी यांचा सत्कार आहे. अध्यक्ष या नात्याने शाल मी घालायची आणि भाषणही मीच करायचे. त्या भाषणात एक गोष्ट सांगितली, तर आयुष्यभर नेमाने वागणारा माणूस म्हणून माझी जी काही ख्याती आहे ती जाते. न सांगितली, तर चन्नाप्पा शाल घेणार नाहीत आणि ती गोष्ट तेच सांगतील. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना असे पेच मी फळ्यावर दरसाल मांडत असे. त्यांत स्वतः उभे राहिले की पायांना कसे वाटते, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि मला सांगता आले नसते.

चन्नाप्पांना तू एकदा पाहिले आहेस. तुझ्या लग्नात दहा किलोची गुळाची ढेप आहेर म्हणून देणारे ते गृहस्थ. मूळचे कागलकडचे, मार्केट यार्डात त्यांचे गुळाचे दुकान आहे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि दोन्हीकडे आवाज एकच, म्हणजे गुऱ्हाळाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेल एवढा. शिक्षण अकरावी. मंडळाचे सभासद सत्तावीस असले तरी सकाळी उठणारे तीनच: मी, चिटणीस पिराजी (चष्म्याचे दुकान, स्वतःचा चष्मा रोज शोधावा लागतो) आणि चन्नाप्पा.

आठ वर्षांपूर्वी चन्नाप्पांनी शाहूवाडीकडे आपल्या मेहुण्याच्या शेतघरावर स्वतः होऊन फिरणारी दुर्बीण बसवली. ती नेमून दिलेल्या साठ दीर्घिकांची छायाचित्रे घेते. पहाटे ती चन्नाप्पांच्या मोबाइलवर येतात आणि ते उठल्याबरोबर ती आम्हाला पाठवून देतात. आपण फक्त आजचे छायाचित्र जुन्याशेजारी ठेवायचे आणि काल नसलेला ठिपका आज आहे काय ते पाहायचे. बहाद्दरी काही नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडण्याचे काम आहे. (पावसाळ्यात हे बंद असते. त्या दिवसांत शाहूवाडीवर आकाश आहे, याला केवळ शब्दप्रामाण्य.)

साठ दीर्घिका तिघांत वाटायच्या होत्या. पिराजींच्या दुकानात बैठक झाली आणि चन्नाप्पांनी आपल्या घरची रीत सांगितली. “सर, वाटं थोरल्यानं पाडायचं आन् पयला वाटा धाकट्यानं उचलायचा. आमच्यात तीन डाव वाटण्या झाल्या, एकदाबी भांडान न्हाय.” रीत शहाणपणाची आहे. आपल्याला उरलेला वाटा मिळणार हे ठाऊक असले की थोरला वाटे सारखे पाडतो. मी मात्र तिला लेखी हरकत घेतली. माझे म्हणणे असे होते की ही रीत वाटे पाडणारा लोभी असण्याच्या शक्यतेवर उभी आहे; प्रस्तुत ठिकाणी वाटे पाडणारा मी असल्याने ती शक्यता उद्भवत नाही; सबब वाटे पाडणाऱ्यानेच प्रथम उचलण्यास प्रत्यवाय नाही. (या युक्तिवादातला दोष आता मला दिसतो. त्या वेळी तो मला फार सुबक वाटला होता.) चन्नाप्पांनी कागद पिराजींकडे दिला, पिराजींनी चष्मा शोधला, आणि वाचून होण्याआधीच चन्नाप्पा म्हणाले, “उचला की मग. तुमीच थोरलं.”

पहिला वाटा मी माझ्यासाठीच पाडला होता, हे येथे मान्य करतो. त्यात वीस दीर्घिका होत्या. सर्व थोर, भारदस्त, अंडाकृती, रंगाने तांबूस-पिवळ्या, कोठे गाठ नाही, पीळ नाही, कडा कशा स्वच्छ विरत गेलेल्या. त्यांतली सर्वांत मोठी कन्या राशीत आहे. तिच्यात आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट तारे आहेत. तिला मी थोरली म्हणू लागलो. दुसऱ्या वाट्यातल्या मध्यम दीर्घिका पिराजींकडे गेल्या. तिसऱ्यात राहिले ते गबाळ: निळसर, विस्कटलेल्या सर्पिल दीर्घिका, कोणाचा हात लांब, कोणाला एकच हात, जिकडेतिकडे धुळीचे पट्टे. त्या चन्नाप्पांना मिळाल्या. माझे अनुमान विधिवत होते. या दीर्घिकांत स्फोट अधिक होतील; कारण त्यांत तारे अधिक आहेत; जेथे माणसे अधिक तेथे मयती अधिक, जसे मुंबई; या दीर्घिका तशाच आहेत; म्हणून येथे स्फोट अधिक होतील. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाचही अवयव शाबूत. शेवटी मी नियमावली लिहिली, आणि तिचा नियम नववा असा: कोणत्याही सभासदाने दुसऱ्याच्या वाट्यातील छायाचित्रे तपासू नयेत. तिन्ही वाट्यांसाठी मोबाइलवर तीन वेगळे गट केले गेले. त्या तिन्ही गटांत आम्ही तिघेही होतो, कारण माणूस काढायचा कसा ते पिराजींना जमले नाही.

पाचव्या महिन्यात चन्नाप्पांच्या गबाळातली एक दीर्घिका फुटली. तो तारा परदेशातल्या स्वयंचलित दुर्बिणीने दोन दिवस आधी पाहिला होता, म्हणून श्रेय गेले, पण ठिपका चन्नाप्पांना दिसला होता. मी अभिनंदन केले. पुढच्या वर्षी दुसरा. मी अभिनंदन केले. मग त्याच दीर्घिकेत तिसरा! गेल्या वर्षी चौथा. सात वर्षांत त्यांच्या वीस दीर्घिकांत चार, पिराजींच्या वाट्यात एक (तो त्यांनी चष्म्यावरचा डाग समजून पुसण्याचा प्रयत्न केला) आणि माझ्या विसांत शून्य. दर सकाळी थोरली तशीच. जणू शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लावलेली संस्थापकांची तसबीर.

मी जळलो. हा शब्द टाळून ‘अस्वस्थता’ लिहिणार होतो, पण पक्षपात करायचा नाही असे वर कबूल केले आहे. दुसऱ्याचे चांगले झाल्याचे दुःख तो मत्सर, आणि दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधणे ती असूया. मला प्रथम मत्सर झाला आणि नंतर रीतसर असूया झाली. मला चन्नाप्पांचा आवाज अधिक मोठा वाटू लागला. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत माझ्या दीर्घिका मुद्दाम अंधूक येतात असा संशय मी पिराजींकडे बोलून दाखवला. मंडळाच्या त्रैमासिकात ‘यदृच्छा आणि योग्यता’ हा चौदा पानी लेख लिहिला. चन्नाप्पांनी तो दुकानात चौकट करून लावला; त्यात त्यांचे नाव सहा वेळा आले आहे म्हणून.

शिवाय मी नियम नववा मोडू लागलो. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मामी चहा ठेवते तेवढ्यात, मी ‘वाटा एक’ उघडण्यापूर्वी ‘वाटा तीन’ उघडत असे. हेतू श्रेय घेण्याचा नव्हता. आज त्यांच्याकडे काही झालेले नाही, हे कळले की चहा गोड लागत असे, एवढेच. चन्नाप्पा छायाचित्रे पाठवून आंघोळ, लिंगपूजा, न्याहारी करतात आणि आठनंतर पाहतात, तेव्हा हे कोणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. आपण संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा समोरच्याला दिसू नयेत अशी सोय मोबाइलमध्ये असते. ती मी पिराजींकडून (कारण न सांगता) सुरू करून घेतली होती.

याच काळात माझ्या हातून एक गोष्ट घडली. तुझ्या आईकडून ती तुला वेगळ्या स्वरूपात कळली असेल, म्हणून मूळ सांगतो. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, थोरलीच्या कडेला मला एक ठिपका दिसला. मी जुनी सर्व छायाचित्रे तपासली. तो कोठेही नव्हता. मी मंडळाची तातडीची सभा बोलावली, पेढे आणले, ‘सिद्धी’ या शब्दाने संपणारे भाषण केले. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात ठिपका थोरलीपासून चांगला बोटभर दूर होता, आणि तिसऱ्या दिवशी चौकटीबाहेर. तो लघुग्रह होता. आपल्याच सूर्यमालेतला एक दगड, वाटेने जाताना थोरलीच्या दारात दिसला इतकेच. चन्नाप्पा पेढा खात म्हणाले, “सर, तुमचा तारा गावाला गेला की वो!” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर बरे झाले असते. मला उत्तर देता आले असते.

आता गेल्या दिवाळीकडे येतो, म्हणजे तुझ्याकडे. तू फराळाला आली होतीस, चन्नाप्पाही आले होते, आणि सोफ्यावर बसून तू सहज सांगितलेस की अतिनवतारे दोन जातींचे. पहिल्या जातीचे तारे प्रचंड वस्तुमानाचे असतात आणि म्हणूनच अल्पायुषी. काही दशलक्ष वर्षांत संपतात, म्हणजे जेथे जन्मतात तेथेच, पाळणा हलतो आहे तोवरच, मरतात. ते दिसायचे तर दीर्घिकेत नवे तारे जन्मत असले पाहिजेत, आणि ते जन्मतात निळ्या, धुळीने भरलेल्या, विस्कटलेल्या दीर्घिकांत. थोरलीसारख्या दीर्घिकांत जन्म कधीच थांबले. उरले ते म्हातारे, किडुकमिडुक, शांतपणे तांबडे होत जाणारे. दुसऱ्या जातीचे स्फोट तेथेही होतात, पण विरळा. दीर्घिकेचे वस्तुमान दुप्पट झाले म्हणून तेही दुप्पट होत नाहीत, आणि वजनाच्या मानाने पाहिले तर लहान, निळ्या दीर्घिकाच पुढे. त्या जातीत म्हणे एक विझलेला, आटलेला, स्वतः काहीही न करणारा जुना तारा असतो, श्वेत बटू. एकटा असेल तर तो अनंत काळ तसाच निवत पडतो. मात्र जवळ जोडीदार असेल तर त्याचे द्रव्य थोडेथोडे ओढून घेत राहतो आणि एका ठरीव मर्यादेला पोहोचला की उडतो. (हे सांगताना तू माझ्याकडे पाहिले नाहीस. मामीने पाहिले.)

मी म्हणालो, पण ताऱ्यांची संख्या! तू उत्तर देणार इतक्यात चकलीचा तुकडा मोडत चन्नाप्पा बोलले. “सर, चुलवाण मोठं हाय म्हणून धूर येत न्हाय. आत वाळल्यालं चिपाड हाय तवर नुस्ता जाळ. ओलं पडलं की मग धूर. तुमच्या त्या दीर्घिकंत सगळं वाळून गेलंय न्हवं का?”

अदिती, ‘पर्वतावर अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे अनुमान सदोष का, हा प्रश्न मी चौतीस वर्षे दर परीक्षेत घातला. नुसत्या अग्नीने धूर होत नाही. ओले सरपण हवे. या दडून बसलेल्या अटीला शास्त्रात उपाधी म्हणतात आणि ती ज्याच्या लक्षात येत नाही त्याचा हेतू दुष्ट ठरतो. तारे म्हणजे अग्नी, नवा जन्म म्हणजे ओले सरपण. माझा हेतू दुष्ट होता आणि तो गुऱ्हाळातल्या माणसाने, तोंडात चकली असताना, दाखवला. पिराजी “व्हय की” म्हणाले. त्यांना काय कळले ते त्यांनी सांगितले नाही.

मग मी वाटणी बदलण्याचा प्रयत्न केला. थेट मागणे शोभले नसते. म्हणून निरीक्षकांनी अधूनमधून दीर्घिकांची अदलाबदल केल्यास दृष्टीला साचलेपण येत नाही, असा प्रस्ताव मी संक्रांतीला मांडला. उदाहरणादाखल मी त्यांची ती दोनदा फुटलेली सर्पिल दीर्घिका घेईन आणि मोबदल्यात त्यांना माझी सर्वांत मोठी, थोरली, देईन. मी तीन पाने युक्तिवाद तयार ठेवला होता. चन्नाप्पा पहिल्या वाक्याला “घ्या की” म्हणाले. उरलेली पाने माझ्याकडेच आहेत.

थोरली ‘वाटा तीन’मध्ये गेली. नव्या दीर्घिकेकडे पाहताना मला उत्साह वाटायला हवा होता. प्रत्यक्षात सहा दहाला माझे बोट ‘वाटा तीन’वरच जाई आणि आता त्यात केवळ मत्सर नव्हता, सात वर्षांची सवय होती. माहेरवाशीण नीट आहे ना, असे काहीसे. (हे वाक्य खोडणार होतो.)

दोन एप्रिलला, बुधवारी, सहा दहाला मी थोरली पाहिली. तिच्या मध्याच्या खाली, किंचित उजवीकडे, ठिपका होता.

मी सर्व जुनी छायाचित्रे काढली. दुर्बिणीने पाऊण तासाच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे पाहिली. ठिपका हललेला नव्हता. लघुग्रहांची यादी पाहिली. तेथे कोणी नव्हते. तो थोरलीचाच होता. सात वर्षे मी तिला पाहिले तेव्हा तिने काही केले नाही, आणि अडीच महिन्यांपूर्वी मी तिला चन्नाप्पांना देऊन टाकल्यावर ती फुटली! मामीने चहा आणला आणि विचारले, “पोटात दुखतंय का?” मी नाही म्हणालो. पोट वगळता ते उत्तर खरे नव्हते.

स्थिती अशी होती. मी कळवले तर नियम नववा मी मोडला हे जाहीर होणार. गप्प राहिलो तर चन्नाप्पांना आठनंतर दिसणार आणि थोरलीही त्यांचीच होणार. त्यात त्या दिवशी त्यांची पुतणी रक्षिता हिचे लग्न कागलला, आणि चित्रे पाठवून ते पहाटेच निघाले होते. म्हणजे आज ते पाहणारच नाहीत. तोवर परदेशातली एखादी दुर्बीण तिकडे वळणार आणि श्रेय दोघांचेही जाणार. हा तिसरा पर्याय मला साडेपाच तास आवडला. हे मी तुला लिहितो आहे, तुझ्या आईला नव्हे. साडेपाच तास मी खुर्चीत बसून, थोरली कोणालाच न मिळो, अशी इच्छा करत होतो. अकरा चाळीसला मामी म्हणाली की स्वयंपाक झाला आहे आणि तुमचा चेहरा पाहून मला जेवण जाणार नाही, तेव्हा काय ते उरका. मी चन्नाप्पांना फोन लावला.

पलीकडे बँड होता. मी विचारले, आजची चित्रे पाहिलीत का? “अक्षता पडायच्यात सर! उद्या बघतो. ती काय पळून जात्यात व्हय?” मी म्हणालो, वस्तू जागेवर राहील या गृहीतकाला पुरावा नसतो. ते म्हणाले, “आँ?” मी म्हणालो, नियमित निरीक्षणात खंड पडणे पद्धतीच्या दृष्टीने अनिष्ट. ते म्हणाले, “सर, बँड हाय. मोठ्यानं बोला.” तेव्हा, अदिती, घराच्या खिडक्या उघड्या असताना, मी आयुष्यात प्रथमच ओरडलो: “चन्नाप्पा, थोरली बघा!”

बँडच्या गलबल्यातच त्यांनी चित्र उघडले असावे. मग त्यांचा आवाज आला आणि बँड ऐकू येईनासा झाला. “अगं आई गं! सर! पेटली की वो! थोरली पेटली!” मागे कोणीतरी घाबरून, कुठं पेटलं, मांडव का, असे विचारत होते.

पिराजींनी अर्ध्या तासात अतिनवताऱ्यांच्या जागतिक यादीत रीतसर नोंद केली. परदेशी दुर्बिणीची नोंद नऊ तासांनंतर आली. आपल्या मंडळाचा हा पहिलाच शोध, म्हणून त्याच संध्याकाळी चन्नाप्पांचा सत्कार ठरला. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीचे पान संगणकावर दिसले, तेव्हा शोधकांच्या रकान्यात दोन नावे होती आणि पहिले माझे.

मी तसाच मार्केट यार्डात गेलो. माझे नाव कोणी व कोणत्या आधाराने घातले, असे विचारले. चन्नाप्पांनी गिऱ्हाईकाला “पावणं, जरा दम धरा” म्हणून बाजूला बसवले आणि मोबाइल पुढे केला. गटात पाठवलेला संदेश कोणी किती वाजता पाहिला हे पाठवणाऱ्याला दिसते. ती निळ्या खुणांची सोय एकट्यादुकट्या संदेशांना लागू असते. गटाला ती लागत नाही. ‘वाटा तीन’, दोन एप्रिल, हेरवाडकर सर (म्हणजे मी), सहा वाजून दहा. ते मागेमागे सरकवत गेले. सहा दहा. सहा बारा. सहा दहा.

“सात वर्सं बघतोय सर,” ते म्हणाले, “पयल्यांदा माझ्याच वाट्यात येतायसा. मला बरं वाटायचं. म्हटलं, सरांचा डोळा फिरलाय, आता माझ्याच्यानं काय ऱ्हायलं तरी काळजी न्हाय. एका साली तुमाला ताप आलता, तवा साडेसात झालं तरी तुमी न्हाय. तवाच बसव्वाला म्हटलं, सरांच्यात जाऊन ये.”

त्यांच्या पत्नी बसव्वा त्या सकाळी खरोखर आमच्याकडे आल्या होत्या, हातात काढ्याचे भांडे घेऊन. माझ्या तापाचे यांना कसे कळले, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला होता आणि मी त्याचे उत्तर ‘पाळत’ असे मनाशी लिहून ठेवले होते. काढा कमालीचा कडू होता.

मी म्हणालो, नियम नववा. ते म्हणाले, “त्यो तुमी लिवलाय. मी कवा वाचलाय?” मी म्हणालो, शाल तुमची. ते म्हणाले, “नावं दोन आन् शाल एक? मग मी येत न्हाय. आन् सर, फोन करून तुमी सांगितलासा, मी नुस्तं बघितलं. आलोच तर हेच मी तितं बोलणार.” दुकानातल्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. त्याला गूळ हवा होता.

असा हा पेच. त्यांनी ते भाषणात बोलावे, की त्यांच्या आधी मी बोलावे, याचा विचार मी आठ दिवस करतो आहे. कळावे. मान जप, उशी पातळ घे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
नरहरमामा

ता. क. (१) वरील शास्त्रीय शंका खरी आहे, पण हे पत्र तिच्यासाठी लिहिलेले नाही. नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळींशी तुझा संबंध येतो. वीस तारखेपूर्वी त्या पानावरून माझे नाव काढून टाकता येईल काय? नियमभंगातून मिळालेले ज्ञान हे ज्ञान खरे, पण श्रेय नव्हे. नाव एकट्या चन्नाप्पांचे राहावे. याबाबत माझा निर्णय पक्का आहे.

ता. क. (२) पाकीट बंद करण्यापूर्वी मामीने पत्र वाचले. तिचे म्हणणे, निर्णय पक्का असलेला माणूस ते पान दिवसातून चौदा वेळा उघडून नाव अजून आहे ना असे पाहत नाही. तिचा हेतू निर्दोष आहे. मी उपाधी शोधून पाहिली, सापडली नाही. तेव्हा वरील विनंती मागे घेतो. भाषणात सहा वाजून दहा मिनिटे हा उल्लेख येईल, साडेपाच तास हाही येईल, आणि पिराजींना दुसरी शाल आणायला सांगितले आहे. तू मात्र त्या दिवशी आलीस तर श्वेत बटूचा विषय काढू नकोस. चन्नाप्पांना तो आवडला आहे आणि तो ऐकताना ते माझ्याकडे फार प्रेमाने पाहतात.

ता. क. (३) पाकीट पुन्हा उघडले आहे. आज सायंकाळी चन्नाप्पा व बसव्वा हुग्गीचा डबा (गव्हाची खीर, तक्रारीला जागा नाही) घेऊन आले. नव्याने वाटणी करू म्हणाले, आणि या खेपेला मी त्यांच्या रीतीला हरकत घेतली नाही. नियम नववा रद्द केला. वाटे मी पाडले, पण थोर आणि गबाळ एकमेकांत मिसळण्याचे मला सुचले नाही; जुनेच तीन वाटे पडले आणि मधला पिराजींकडेच राहिला. पहिला वाटा त्यांनी उचलला, आणि उचलला तो माझा जुना! वीसच्या वीस म्हाताऱ्या दीर्घिका. “आता वय झालं सर. ह्या निवांत असत्यात. पूजा करून सावकाश बघाय बऱ्या. तुमी घ्या ती नाचरी पोरं.” म्हणजे निळ्या, धुळकट, पाळणे हलणाऱ्या सर्व दीर्घिका आता माझ्याकडे आहेत. तुझ्या चारही गुणधर्मांप्रमाणे यापुढे स्फोट माझ्याच वाट्यात व्हायला हवेत. ते गेल्यापासून मी स्वस्थ नाही. थोरली सात वर्षे माझ्याकडे गप्प होती आणि त्यांच्याकडे जाऊन अडीच महिन्यांत फुटली; उरलेल्या एकोणीस आज त्यांच्याकडे गेल्या. म्हणून ती पहिली शंका पुन्हा, आणि या वेळी खरोखरच विचारतो: ‘चन्नाप्पांच्या ताब्यात असणे’ हा गुणधर्म तुमच्या कोष्टकात कोठे आहे काय? उलट टपाली कळव. तोवर मला रोज सहा दहाला त्यांचा वाटा आधी उघडणे भाग आहे. एखाद्या सकाळी उघडला नाही, तर आठच्या आत बसव्वा काढा घेऊन येतील.